तीनशे पंधरा आणि थ्री-नॉट-थ्री : एका छायाचित्राखालच्या ओळीबद्दल

मंडळाच्या मागच्या बैठकीत ग्वाल्हेर-शिवपुरी भागातल्या मराठी घराण्यांच्या शिकारीच्या छंदावर एक निबंध वाचला गेला. निबंधकार माझ्यापेक्षा वयानं आणि अभ्यासानं मोठे आहेत. त्यांनी घरोघरी जाऊन जुने अल्बम पाहिले, मचाणावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलून घेतलं, हाकाऱ्याला येणाऱ्या गावकऱ्यांना काय मिळायचं याचीसुद्धा चौकशी केली. असं काम आता कुणी करत नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते निबंधाच्या एका भागापुरतंच आहे हे आधी सांगून ठेवतो. तो भाग म्हणजे बंदुकांवरचं दीड पान.

त्या दीड पानाचा सारांश असा. साहेबानं चांगली रायफल, म्हणजे थ्री-नॉट-थ्री, स्वतःकडे ठेवली. आपल्या लोकांना मुद्दाम ताकद कमी केलेली ३१५ बोअरची रायफल दिली. ३१५ हे ३०३ चंच एक हलकं, खास हिंदुस्थानासाठी काढलेलं रूप. आणि आपल्याकडच्या लोकांनी वाघ मारले ते या दुबळ्या हत्यारानं, म्हणून त्यांचं कौतुक दुप्पट. सभेत या वाक्याला टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना.

माझी उमेदीची वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेज आणि व्हर्नियर हातात घेऊन गेली. इतिहास मी नंतर, स्वतःच्या हौसेनं शिकलो. त्यामुळे कुणी 'कमी ताकदीचं' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती कमी? निबंधात एकही आकडा नाही. तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू.

आधी नावाचा उलगडा. ३१५ म्हणजे ०.३१५ इंच. इंग्रजी कारखानदार इतका अडनिडा आकडा स्वतःहून का निवडेल? ८ ला २५.४ नं भागा. उत्तर ०.३१५ येतं. म्हणजे हे मूळचं आठ मिलिमीटरचं काडतूस, फक्त इंचाचं नाव लावून आलेलं. ही त्या काळची रीतच होती. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर बक्षीस मिळालेली रिग्बी कंपनीची २७५ ची रायफल आठवा. ७ ला २५.४ नं भागलं की ०.२७५ येतं, आणि ते काडतूस होतं जर्मन माउजरचं ७×५७. साहेबाला परक्या देशाचा माल इंग्रजी नावानं विकायला आवडायचं, एवढाच त्याचा अर्थ.

तर मग हे आठ मिलिमीटरवालं मूळचं कुठलं? ऑस्ट्रिया-हंगेरीचं. त्यांच्या फौजेनं १८८८ मध्ये काळ्या दारूचं आठ मिलिमीटरचं काडतूस घेतलं आणि १८९० मध्ये त्यात बिनधुराची दारू आणली. तेच ८×५० आर मानलिखर. 'आर' म्हणजे बुडाला बाहेर आलेली किनार असलेलं. १८९५ च्या मानलिखर रायफलीत हेच काडतूस भरून ऑस्ट्रियाची फौज पहिलं महायुद्ध लढली. म्हणजे निबंधात ज्याला हिंदुस्थानी शिकाऱ्यासाठी काढलेलं दुबळं काडतूस म्हटलं आहे, ते एका साम्राज्याचं लष्करी काडतूस होतं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियानं त्याच्या जागी ८×५६ आर घेतलं आणि मूळ देशात ते पोरकं झालं. आज युरोपात जुन्या रायफली जमवणाऱ्यांना त्याची काडतुसं शोधावी लागतात. आपल्याकडे मात्र परवानाधारकांमध्ये ते इतकं रुळलं की चंबळच्या खोऱ्यात पोरासोरांनाही 'तीनसौ पंद्रह' म्हणजे काय ते कळतं. जगात ३०३ कुणालाही माहीत असतं आणि ३१५ म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. आपल्या शस्त्रांच्या दुकानात नेमकं उलटं आहे.

आता ताकद. मानलिखरची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम. नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं आहे. उत्तर येतं साधारण ३,०४० ज्यूल.

३०३ चं मात्र एकच उत्तर देता येत नाही, कारण ३०३ एक नाही. सुरुवातीच्या कॉर्डाइटच्या दिवसांत तिची गोळी २१५ ग्रेनची, गोल नाकाची होती आणि वेग होता सुमारे ६२८ मीटर. ऊर्जा भरते साधारण २,७४० ज्यूल. म्हणजे आपली 'दुबळी' ३१५ आपल्या समवयस्क ३०३ पेक्षा दहा टक्क्यांनी जोरदार निघाली! पुढे १९१० मध्ये ३०३ चा सातवा नमुना आला. गोळी हलकी केली, १७४ ग्रेन, नाक टोकदार, वेग ७४४ मीटर. ऊर्जा साधारण ३,१२० ज्यूल. आता ३०३ पुढे आहे, पण पावणेतीन टक्क्यांनी. काडतुसांच्या एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत दारूत जो फरक पडतो, त्यातच हा फरक हरवून जाईल.

शिकारीत ऊर्जेइतकंच, काही जण म्हणतील त्याहून जास्त, महत्त्व वजनदार गोळीच्या आत घुसण्याला असतं. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, काढला तर ३१५ चा ९.८ येतो आणि सातव्या नमुन्याच्या ३०३ चा ८.४. गोळीचं वजन आणि तिची जाडी यांचं प्रमाण इंग्रजी मापात काढतात. ते ३१५ चं ०.३३४, नव्या ३०३ चं ०.२५७. सांबराचा किंवा रानडुकराचा खांदा फोडून आत जायचं असेल तर मी कुठली गोळी घेईन हे वेगळं सांगायला नको. (मी आयुष्यात कशावरही गोळी झाडलेली नाही, हे मात्र सांगायला हवं.)

दुसरी बाजूही मांडतो. हळू गोळी जास्त खाली पडते. हवेचा विरोध बाजूला ठेवून नुसत्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला तर २०० मीटरवर ३१५ ची गोळी ५१ सेंटिमीटर उतरते, नव्या ३०३ ची ३५. प्रत्यक्षात हवा धरली की दोन्ही आकडे वाढतात. उघड्या माळावर काळवीट टिपणाऱ्याला हा फरक नक्की जाचला असेल. पण मचाण ते आमिष हे अंतर किती? निबंधकारांनी ज्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनीच तीस-चाळीस पावलं सांगितलं आहे. ५० मीटर धरले तरी एक गोळी ३.२ सेंटिमीटर उतरते, दुसरी २.२. एका सेंटिमीटरनं वाघ वाचत नाही.

आणखी एक गोष्ट निबंधातल्या तुलनेत निसटली आहे. फौजेची ३०३ ची गोळी पूर्ण कवचाची असते, कारण १८९९ च्या हेग परिषदेनं युद्धात फुलणाऱ्या गोळीवर बंदी घातली. ती फुलणारी गोळी ज्या कारखान्यावरून 'डमडम' म्हणून जगभर बदनाम झाली, तो कारखाना कलकत्त्याजवळचा आणि ती गोळी ३०३ चीच. शिकाऱ्याला मात्र नाकाशी शिसं उघडं असलेली, आत जाऊन फुलणारी गोळीच हवी असते. म्हणजे फौजेची ३०३ आणि शिकाऱ्याची ३१५ शेजारी ठेवून 'कुणाची चांगली' असं विचारणं म्हणजे ट्रकची आणि ट्रॅक्टरची शर्यत लावणं. तुलना करायची तर शिकारी गोळी भरलेल्या ३०३ शीच करायला हवी.

मग एवढं सगळं बरोबरीचं असताना ३०३ बंद आणि ३१५ खुली, हे का? निबंधाचा खरा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर चुकल्यामुळे बाकीचं चुकलं आहे.

याची सुरुवात ४५० बोअरपासून होते. मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफल ५७७/४५० बोअरची. ती आणि तिची काडतुसं सरहद्दीवर आणि इतरत्र बंडखोरांच्या हातात पोचत होती, म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांची पंचाईत झाली, कारण हत्ती-गव्यांसाठी त्यांचा सगळ्यात खपणारा माल ४५० चाच होता. त्यांनी काय केलं? ४६५ काढली, ४७० काढली, ४७५ काढली. ४५० नायट्रो एक्स्प्रेसची ऊर्जा सुमारे ६,७०० ज्यूल. तिच्या जागी आलेल्या ४७० ची जवळजवळ ७,०००. बंदी ताकदीवर असती तर सरकारनं हे चालू दिलं असतं का? सरकारला ताकदीची फिकीर नव्हती. फौजेच्या कोठारातून चोरलेलं काडतूस खाजगी बंदुकीत चालता कामा नये, एवढीच अट होती.

३०३ ला हाच न्याय लागला. ३०३ ची काडतुसं छावणीछावणीत पडलेली. खाजगी माणसाकडे त्या बोअरची रायफल असेल तर ती आयुष्यभर उपाशी राहणार नाही, ही भीती. ३१५ फौजेत कुठेच नव्हतं. त्याची काडतुसं परवाना दाखवून, वहीत नोंद करून, दुकानातूनच घ्यावी लागत. दुकान बंद केलं की रायफल म्हणजे काठी.

हा तर्क माझ्या डोक्यातून निघालेला नाही. स्वतंत्र भारताच्या १९६२ च्या शस्त्र नियमांतही प्रतिबंधित बोअरची व्याख्या अशीच होती. ३०३ किंवा ७.६२ च्या रायफली, आणि दुसऱ्या कुठल्याही बोअरची अशी रायफल की जिच्यात फौजेचं ३०३ किंवा ७.६२ चं काडतूस बसून उडू शकतं. पाहा, व्याख्येत ज्यूल नाहीत, वेग नाही. काडतूस बसतं की नाही, एवढंच आहे. रिव्हॉल्व्हरमध्येही तेच. फौजेच्या मापाची ती प्रतिबंधित, म्हणून कानपूरच्या कारखान्याची ३२ बोअर घरोघरी. आणि निबंधाच्या सिद्धांताला सगळ्यात अडचणीचा पुरावा म्हणजे अमेरिकेची ३०-०६. तिची ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या आसपास, ३०३ पेक्षा चांगली पाव पटीनं जास्त, आणि ती आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळते. सरकारला नागरिकाच्या हातात दुबळी रायफल हवी असती तर ३०-०६ कधीच बंद झाली असती.

जगात इतरत्रही हे घडलं आहे. इटलीत फौजेचं ९×१९ नागरिकांना कित्येक वर्षं बंद होतं, म्हणून तिथे ९×२१ नावाचं जवळजवळ जुळं काडतूस खपत राहिलं. मेक्सिकोत ३८ सुपर लोकप्रिय होण्यामागेही हेच कारण. कायदा एक दार लावतो आणि शेजारचं कुणी न वापरलेलं दार माणसं झिजवून टाकतात.

म्हणजे साहेब न्यायी होता असं मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं युरोपियनांना परवान्यातून सूट दिली आणि हिंदी माणसाला परवान्यासाठी अर्ज घेऊन दाराशी उभं केलं. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव झाले. निबंधकारांचा राग रास्त आहे. पण तो अन्याय परवान्याच्या कागदात होता आणि त्याचा पुरावा तिथेच शोधायला हवा. दारूच्या वजनात तो सापडणार नाही, आणि तिथे आहे असं म्हटलं की उद्या कुणी व्हर्नियर घेऊन येईल आणि आपला खरा मुद्दाही खोटा ठरवेल.

मानलिखरचंच काडतूस का निवडलं, यावर माझा अंदाज सांगतो. बीएसए कंपनीकडे ली-एनफील्डची यंत्रणा तयार होती. तिला किनारवालं काडतूस लागतं. मानलिखरच्या किनारीचा व्यास सुमारे १४ मिलिमीटर, ३०३ चा १३.७. बोल्टचं तोंड जरासं बदललं की काम झालं. पुंगळी ५० मिलिमीटरची, ३०३ च्या ५६ पेक्षा आखूड, म्हणजे मॅगझिनमध्ये बसायला अडचण नाही. आणि मुख्य म्हणजे मानलिखरची पुंगळी बुडाशी जवळजवळ एक मिलिमीटरनं जाड आहे आणि तिचा खांदा मागे आहे, त्यामुळे दोघांचीही काडतुसं एकमेकांच्या घरात जात नाहीत. सरकारची अट पूर्ण, कारखान्याचा खर्च वाचला. कुठल्याही उत्पादन विभागाच्या माणसानं हाच निर्णय घेतला असता. पुढे इशापूरच्या रायफल कारखान्यानं ३१५ ची शिकारी रायफल बनवली तीही ली-एनफील्डच्याच हाडांवर. म्हणूनच लांबून पाहिलं तर ३१५ आणि ३०३ सख्ख्या बहिणी वाटतात आणि घोटाळा होतो.

दुसरा घोटाळा 'माउजर' शब्दाचा. आमच्या भागात ३१५ ला सर्रास माउजर म्हणतात. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' आणि '८ एम एम' असा ठसा असतो. के एफ म्हणजे किरकी, आपल्या पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. आठ मिलिमीटर वाचलं की लोकांना जर्मन आठ मिलिमीटर माउजर आठवतं. ते ८×५७, बिनकिनारीचं, पूर्ण वेगळं काडतूस. आणि नुसतं '८×५० आर' लिहिलं तरी भागत नाही. फ्रेंच लेबेलचं काडतूसही ८×५० आर आणि सयामच्या फौजेचंही एक ८×५० आर. तिन्ही वेगळी. संग्रहालयांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी आकड्यापुढे कूळ लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नये.

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपली, ३१५ संपली नाही. खडकीची काडतुसं मिळत राहिली, आणि जे काडतूस मिळतं त्याचीच गावठी हत्यारं बनतात. ग्वाल्हेर-भिंड-मुरैनाच्या कुठल्याही वर्तमानपत्रात '३१५ बोर का कट्टा' आठवड्यातून एकदा तरी दिसतो. परवान्याची हौस तर विचारू नका. २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात झुकतं माप देण्याची योजना निघाली होती, ती बातमी परदेशातही गाजली. चोरलेलं काडतूस नको म्हणून जे बोअर आणलं, त्याचाच आज गावठी कट्टा! निबंधात याबद्दल एक ओळही नाही, आणि मला वाटतं शिकारीच्या इतिहासात ती यायला हवी. वाघ गेला, बोअर उरलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. निबंधाबरोबरच्या छायाचित्रांत लष्करातल्या एका घरचं छायाचित्र आहे. ओसरीवर आजोबा, मांडीवर रायफल, मागे सांबराची शिंगं. खाली ओळ छापली आहे, 'कुटुंबाची थ्री-नॉट-थ्री, आजही जपलेली', आणि पुढे घराण्याचं नाव. मी त्या घरी जाऊन आलो. रायफल बीएसएची आहे, तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं तिचं चिन्ह अजून दिसतं. डब्यात ठेवलेल्या दोन पितळी पुंगळ्या मोजल्या. लांबी पन्नास, किनार चौदा. बुडावर के एफ, ८ एम एम. ती ३१५ आहे.

कुणी म्हणेल, तीनशे तीन काय नि तीनशे पंधरा काय, लोकांना कळतंय कुठे. इथे तसं नाही. ३०३ हे आजही प्रतिबंधित बोअर आहे. 'आजही जपलेली' असं नावानिशी छापणं म्हणजे त्या घरात बेकायदा शस्त्र आहे असं जगजाहीर करणं. आजोबांच्या पश्चात रायफल मुलाच्या नावावर झाली, आता परवान्याचं नूतनीकरण आलं आहे. मुलगा शाळामास्तर, सरळ माणूस. त्यानं मला विचारलं, 'काका, आमच्या आजोबांचं कौतुक झालं ते बरं वाटलं, पण उद्या ठाण्यात कुणी हा फोटो दाखवला तर मी काय सांगू?' माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

निबंधकारांना मी फोन केला. ते आधी जरा रागावले, मग म्हणाले, 'मला तर त्या घरच्यांनीच थ्री-नॉट-थ्री सांगितलं.' तेही खरं आहे. आजोबा स्वतः तिला आयुष्यभर थ्री-नॉट-थ्रीच म्हणत, रुबाब वाटायचा म्हणून. पण दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि तिथल्या पावत्या मुलानं एका फाइलीत लावून ठेवल्या आहेत. अकरा पावत्या आहेत. प्रत्येकीवर कारकुनानं गिचमिड अक्षरात एकच लिहिलंय, '३१५ बोर, एक नाल'. छायाचित्राखाली तेवढंच छापावं, आणि घराण्याचं नाव काढावं, असं पत्र मी कालच मंडळाकडे दिलं आहे.